विश्लेषण : तासभर दिवे मालवले तर काय वाचते? वीज की आकाश?

मार्चच्या अखेरीस ‘अर्थ अवर’ येतो आणि १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन. ‘अर्थ अवर’च्या वेळी तासभर दिवे बंद ठेवण्याचे आवाहन केले जाते. त्यातून वीज किती वाचते, असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर फारसे उत्साह वाढवणारे नसते. पण त्याच तासाला गावातील लोक शाळेच्या मैदानावर जमून आकाश पाहू लागले, तर या उपक्रमाचा हिशेब बदलतो. जगात काही ठिकाणी हा प्रयोग झाला आहे. महाराष्ट्रात त्याला पूरक अशी परिस्थितीही आहे. मात्र अंधार हा सर्वांसाठी सारखा नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

दिवे मालवून आकाश पाहण्याची कल्पना कुठली?

आइसलँडची राजधानी रेक्याविक येथे २८ सप्टेंबर २००६ रोजी रात्री दहा वाजता शहरातील पथदिवे अर्धा तास बंद करण्यात आले. कल्पना लेखक आंद्री स्नेर मॅग्नासन यांची होती. पालिकेने ती मान्य केली, घराघरांतील दिवे मालवण्याचे आवाहन झाले आणि त्या अर्ध्या तासात रेडिओवरून एका खगोलशास्त्रज्ञाने आकाशात काय दिसते याची माहिती दिली. आइसलँडची जवळजवळ सर्व वीज जलविद्युत आणि भूऔष्णिक प्रकल्पांतून येते. म्हणजे कोळसा वाचवण्याचा प्रश्न तेथे नव्हता. शहराला स्वतःचे आकाश एकदा दाखवणे, एवढाच हेतू होता.

दक्षिण कोरियाने ऊर्जाबचत आणि आकाशदर्शन यांची थेट सांगड घातली. २००३ मध्ये २२ ऑगस्टला त्या देशात वीजवापराचा तोवरचा उच्चांक झाला. त्याची आठवण म्हणून २००४ पासून तो दिवस ‘ऊर्जा दिन’ म्हणून पाळला जातो. दुपारी वातानुकूलन यंत्रांचे तापमान वाढवायचे आणि रात्री नऊ वाजता पाच मिनिटे दिवे मालवायचे, असा कार्यक्रम असतो. दिवे विझवा आणि तारे उजळवा, असे त्याचे सूत्र आहे. ‘अर्थ अवर’ त्यानंतरचा. ३१ मार्च २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात त्याची सुरुवात झाली आणि पुढच्याच वर्षी तो जगभर पोहोचला.

एका तासात वीज किती वाचते?

थोडी. सिडनीतील पहिल्या उपक्रमात वीजवापर सुमारे १० टक्के घटल्याचे आयोजकांनी जाहीर केले होते. नंतरचे चित्र अधिक साधे आहे. सहा वर्षांत १० देशांमध्ये घेतलेल्या २७४ नोंदींचा आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ‘अर्थ अवर’च्या काळात वीजवापरात सरासरी चार टक्के घट झाली.

गावपातळीवर हा हिशेब कागदावर मांडता येतो. समजा, एका गावात ५०० घरे आहेत. प्रत्येक घरात नऊ वॉटचे पाच एलईडी दिवे तासभर बंद राहिले, तर साडेबावीस युनिट वाचतात. ४५ वॉटचे १०० पथदिवे बंद राहिले, तर आणखी साडेचार युनिट. एकूण २७ युनिट. दीड टनाचा एक एसी साधारण १८ तास चालवला, तर एवढी वीज लागते. म्हणजे अख्ख्या गावाने तासभर अंधारात बसून केलेली बचत शहरातील एका बेडरूममध्ये दोन-तीन रात्रींत संपते.

याचे कारण एलईडी दिव्यांत आहे. पूर्वी घरात ६० वॉटचे पिवळे बल्ब असत, तेव्हा दिवे मालवण्याला अधिक वजन होते. आता घरातील विजेचा मोठा हिस्सा फ्रिज, पंखे, गिझर, एसी आणि पाण्याच्या मोटारी घेतात. या वस्तू त्या तासातही सुरूच असतात.

सर्वांनी एकदम दिवे बंद केले तर वीजयंत्रणेचे काय?

वीजयंत्रणेत मागणी आणि निर्मिती यांचा मेळ प्रत्येक क्षणी राखावा लागतो. हे भारताने मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे. करोनाकाळात ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे बंद ठेवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. त्याचा हेतू वीजबचत हा नव्हता. पण त्या वेळी देशातील विजेची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने खाली आली. आधीचा अंदाज १२ ते १३ हजार मेगावॉटचा होता. मागणी पडताना जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने कमी करून आणि नंतर तितक्याच वेगाने वाढवून अभियंत्यांनी यंत्रणा सांभाळली.

एखादे गाव, सोसायटी किंवा प्रभाग तासभर दिवे मालवतो, तेव्हा असा कोणताही धोका नसतो. तेवढा चढउतार यंत्रणा रोजच पचवते. मात्र यातून एक गोष्ट लक्षात येते. काही मिनिटांच्या बंदमुळे औष्णिक केंद्रातील कोळसा त्याच प्रमाणात वाचतो असे नाही. खरी बचत होते ती रोज रात्री नियमितपणे कमी होणाऱ्या वापरातून.

मग आकाशात किती फरक पडतो?

ताऱ्यांची तेजस्विता ‘प्रत’ या मापाने सांगितली जाते. आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक. स्वच्छ, अंधाऱ्या जागेवरून साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. एका वेळी क्षितिजाच्या वर असे साधारण अडीच हजार तारे असतात. मोठ्या शहरात ही मर्यादा तिसऱ्या प्रतीपर्यंत घसरते आणि संख्या शंभराच्याही खाली येते. आकाश किती अंधारे आहे हे सांगणारी नऊ पायऱ्यांची एक मोजपट्टी अमेरिकी हौशी खगोल निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडली. पहिली पायरी सर्वांत काळोखी, तर नववी म्हणजे महानगराचा मध्यभाग.

ही घसरण किती वेगाने होते आहे? ‘ग्लोब अ‍ॅट नाइट’ या उपक्रमात जगभरातील सामान्य नागरिक आपल्या अंगणातून कोणते तारे दिसतात याची नोंद करतात. २०११ ते २०२२ या काळातील अशा ५१ हजार नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानुसार रात्रीचे आकाश दर वर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळते आहे. म्हणजे ज्या ठिकाणी मुलाच्या जन्माच्या वेळी २५० तारे दिसत, तेथे ते मूल १८ वर्षांचे होईपर्यंत जेमतेम शंभर उरतील. २०१६ च्या जागतिक नकाशानुसार मानवजातीच्या एक तृतीयांशाहून अधिक लोकांना राहत्या ठिकाणाहून आकाशगंगेचा पट्टा दिसतच नाही.

या प्रदूषणाचा एक गुण मात्र वेगळा आहे. नदी स्वच्छ व्हायला वर्षे लागतात. प्रकाशाचे प्रदूषण दिवा बंद केला की त्याच क्षणी थांबते.

दिवे गेल्याबरोबर तारे दिसू लागतात का?

लगेच नाही, आणि बहुतेक कार्यक्रम येथेच फसतात. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते. पण अंधूक प्रकाश टिपणाऱ्या पेशी पूर्ण क्षमतेने काम करायला २० ते ३० मिनिटे लागतात. या पेशींतील प्रकाशसंवेदी द्रव्य उजेडात विरते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. कोणी मधेच मोबाइलचा पडदा उजळवला किंवा फ्लॅश मारला, तर ही प्रतीक्षा पुन्हा सुरू होते.

म्हणून पाच किंवा दहा मिनिटांचा ‘ब्लॅकआउट’ आकाशदर्शनाच्या कामाचा नाही. किमान दीड तास हवा. त्यातील पहिला अर्धा तास आकाशातील ठळक ताऱ्यांची ओळख करून देण्यासाठी वापरता येतो. विजेरीला लाल जिलेटीन कागद लावला, तर वाट दिसते आणि डोळ्यांची तयारीही फारशी बिघडत नाही, कारण या पेशी लाल प्रकाशाला सर्वांत कमी प्रतिसाद देतात. आकाशाचा नकाशा दाखवणाऱ्या बऱ्याच मोबाइल अ‍ॅपमध्ये लाल पडद्याची सोय याच कारणाने असते.

एका गावाने दिवे मालवून शेजारच्या शहराचा उजेड जातो का?

जात नाही. मोठ्या शहराचा उजेड हवेतील धूळ आणि रेणूंवरून विखुरला जाऊन शंभर किलोमीटरपलीकडूनही क्षितिजावर दिसतो. सह्याद्रीतील किल्ल्यांवर मुक्काम करणाऱ्यांना पुण्या-मुंबईच्या दिशेचा हा पिवळट पांढरा घुमट परिचित आहे. तो एका गावाच्या निर्णयाने विरत नाही.

पथदिवे हेच एकमेव कारण आहे, असेही नाही. अमेरिकेतील टूसान शहराने २०१९ मध्ये काही रात्री पथदिवे कमी-अधिक करून पाहिले आणि उपग्रहातून त्याची मोजणी झाली. शहरातून वर जाणाऱ्या उजेडात पथदिव्यांचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी निघाला. उरलेला उजेड जाहिरात फलक, दुकाने, वाहनतळ, मैदाने आणि खासगी इमारतींचा होता.

तरीही गावाच्या निर्णयाने दोन गोष्टी साधतात. डोळ्यांवर थेट येणारा झगमगाट जातो आणि डोक्यावरचे आकाश क्षितिजापेक्षा लवकर सुधारते. मंगल कार्यालयाचा हॅलोजन, पेट्रोल पंपाचे दिवे आणि देवळाच्या शिखरावरील झोत यांच्या मालकांशी आधी बोलणी झाली, तर फरक आणखी वाढतो.

एलईडीमुळे परिस्थिती सुधारली की बिघडली?

दोन्ही. केंद्र सरकारने जानेवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या पथदिवे योजनेखाली देशात एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसवले गेले. त्यामुळे प्रत्येक दिव्यामागे विजेची मोठी बचत झाली. पण दिवा स्वस्त पडू लागला की तो अधिक ठिकाणी, अधिक तेज आणि अधिक वेळ लावला जातो. शिवाय पांढऱ्या एलईडीत निळ्या प्रकाशाचे प्रमाण जास्त असते. दिवसा आकाश निळे दिसते त्याच कारणाने हा निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो आणि रात्रीचे आकाश धुरकट करतो. जुन्या सोडियम दिव्यांच्या नारिंगी उजेडात हा दोष कमी होता.

याची झळ केवळ हौशी निरीक्षकांना बसत नाही. कोकण किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले येथे अंड्यांतून बाहेर पडणारी ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. किनाऱ्यावर तेज दिवे असतील, तर ती उलट दिशेला भरकटतात. भंडारदरा परिसरात मे-जूनमध्ये काजवे पाहायला गर्दी लोटते. हे चमकणे म्हणजे काजव्यांची जोडीदाराला साद असते आणि गाड्यांच्या दिव्यांत ती हरवते.

महाराष्ट्रात आकाशदर्शनाची परंपरा किती जुनी?

पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ती देशातील सर्वांत जुनी संस्था मानली जाते. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा मुंबईत खगोल मंडळाचे काम सुरू झाले. मध्य रेल्वेवरील वांगणी येथे लोकलने जाऊन रात्रभर आकाश पाहण्याचा अनुभव मुंबई-ठाण्यातील अनेक पिढ्यांनी घेतला आहे. पण तोवर पसरत गेलेल्या शहरांचा उजेडही त्या मार्गाने पुढे सरकत गेला. तारे पाहण्यासाठी दर काही वर्षांनी आणखी लांब जावे लागते, ही तक्रार राज्यातील बहुतेक खगोलप्रेमी करतात.

याच्या उलट उदाहरण नागपूर जिल्ह्यात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’ या संस्थेने ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा दिला. भारतातील हे असे पहिले उद्यान. त्यासाठी केवळ जंगलातील अंधार पुरेसा नव्हता. वाघोली, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांचा उजेड केवळ जमिनीकडे पडेल असे करण्यात आले. लडाखमधील हानले येथे डिसेंबर २०२२ मध्ये १,०७३ चौरस किलोमीटरचे ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ अधिसूचित झाले. तेथे २४ स्थानिकांना दुर्बिणी आणि प्रशिक्षण देण्यात आले. त्यात बहुसंख्य महिला आहेत. अंधार टिकवण्यातून पर्यटकांचे उत्पन्न थेट गावात येऊ लागले.

भारनियमन सोसलेल्या गावाला अंधाराचे कौतुक का वाटावे?

हा या विषयातील सर्वांत खरा आक्षेप आहे. ज्या गावांनी दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन सोसले, रात्री-अपरात्री वीज आल्यावर पिकाला पाणी द्यायला जे शेतात गेले, त्यांच्यासाठी अंधार म्हणजे साप, बिबट्या आणि निसरडा बांध. २०२१ मध्ये थकीत बिलांमुळे राज्यातील अनेक गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, तेव्हाही गावे अंधारात होती. कोणी तारे पाहत बसले नव्हते. लादलेला अंधार आणि ठरवून केलेला अंधार यांत फरक आहे. तो फरक न ओळखणारा कार्यक्रम शहरी हौस ठरतो.

अंधार वाढला की गुन्हे वाढतात, ही भीतीही असते. इंग्लंड आणि वेल्समधील ६२ स्थानिक संस्थांच्या २००० ते २०१३ या काळातील माहितीचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यरात्रीनंतर पथदिवे मंद करणे किंवा बंद ठेवणे यामुळे अपघात किंवा गुन्हे वाढल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. पण तेथील रस्ते आणि आपल्याकडील पदपथ नसलेले रस्ते यांची तुलना थेट करता येत नाही. उशिरा कामावरून परतणाऱ्या महिलेला बस थांब्यापासून घरापर्यंतची वाट उजळलेलीच हवी.

मुळात प्रश्न दिवा असावा की नसावा, हा नाही. उजेड कुठे पडतो, हा आहे. झाकण नसलेला दिवा आपला बराचसा उजेड बाजूला आणि वर फेकतो. त्याने चालणाऱ्याचे डोळे दिपतात आणि दिव्याच्या पलीकडचा खड्डा उलट अधिक काळा दिसतो. उजेड खाली वळवला, तर कमी वॉटच्या दिव्यातही रस्ता नीट दिसतो. सुरक्षितता, वीजबिल आणि आकाश या तिन्ही गोष्टी तेथे एका बाजूला येतात.

कार्यक्रमासाठी कोणती तारीख सोयीची?

‘अर्थ अवर’ बहुधा मार्चच्या अखेरच्या शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ असतो. त्या दिवशी चंद्र कोणत्या स्थितीत असेल, हे नशिबावर अवलंबून. पौर्णिमेच्या आसपास सर्व दिवे मालवले, तरी चंद्रप्रकाशात अंधूक तारे लोपतात. स्थानिक कार्यक्रमाला ही सक्ती नाही. अमावास्येच्या अलीकडची-पलीकडची संध्याकाळ निवडता येते. काही घरांत अमावास्येच्या रात्री बाहेर पडणे टाळतात, हे ध्यानात घेतले तर आदल्या किंवा नंतरच्या दोन-तीन दिवसांनीही काम भागते.

महाराष्ट्रासाठी डिसेंबर अधिक चांगला. पावसाळी ढग गेलेले असतात, अंधार लवकर पडतो आणि १४ डिसेंबर हा ऊर्जा संवर्धन दिन असतो. योगायोग असा, की वर्षातील सर्वांत भरवशाच्या उल्कावर्षावांपैकी एक असलेला मिथुन राशीतील उल्कावर्षाव १३-१४ डिसेंबरच्या रात्रीच टिपेला असतो. आदर्श आकाशात तासाला शंभराहून अधिक उल्का दिसू शकतात. मिथुन रास रात्री नऊनंतर ईशान्येला वर येऊ लागते आणि उल्कांची संख्या उत्तररात्रीपर्यंत वाढत जाते. उल्का पाहायला दुर्बीण लागत नाही, सतरंजी पुरते. २०२६ मध्ये ९ डिसेंबरला अमावास्या आहे. त्यामुळे १४ तारखेच्या रात्री चंद्रकोर लवकर मावळेल.

त्या रात्री नेमके काय पाहायचे?

डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेले असते. चार ताऱ्यांच्या चौकटीत एका रेषेतील तीन तारे, म्हणजे हरणाच्या पोटात रुतलेला बाण. तो मारणारा व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आणि तो नुकताच उगवलेला असतो. मृगाच्या वर लालसर रोहिणी आणि आणखी वर कृत्तिकांचा झुबका.

कृत्तिका ही आकाशाची घरगुती परीक्षा आहे. शहरात तेथे केवळ एक धूसर ठिपका जाणवतो. बऱ्यापैकी अंधार असेल तर सहा तारे वेगळे मोजता येतात. चांगल्या काळोखात तीक्ष्ण नजरेला त्याहून अधिक दिसतात. दुसरी परीक्षा अवघड आहे. माथ्यापासून थोडे वायव्येला देवयानी दीर्घिकेचा फिकट पुंजका दिसतो का? त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आलेला असतो. मुंबई-पुण्यातून तो साध्या डोळ्यांना दिसत नाही. मार्चमध्ये कार्यक्रम असेल, तर हीच परीक्षा माथ्यावर असलेल्या पुष्य नक्षत्रातील तारकागुच्छावर घेता येते.

मुलांना एक काम देता येते. दिवे मालवण्यापूर्वी कृत्तिकांचे किती तारे दिसले आणि अंधारात तासभर बसल्यावर किती, हे दोन आकडे वहीत लिहायचे. पुठ्ठ्याच्या नळीतून आकाशाच्या ठरावीक भागातील तारे मोजले, तरी चालते. ही नोंद पुढे उपयोगाची ठरते.

कार्यक्रमाआधी काय ठरवावे लागते?

पहिली गोष्ट म्हणजे संमती. ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत विषय मांडून तारीख, वेळ आणि कोणते दिवे बंद होणार नाहीत, हे जाहीर करणे आवश्यक. दवाखाना, रेल्वे फाटक, महामार्ग, पाणीपुरवठ्याची ठिकाणे आणि एसटी थांबा यांचे दिवे सुरूच राहतात. घरी ऑक्सिजन यंत्र किंवा तत्सम उपकरण असलेल्यांची गैरसोय होऊ नये म्हणून वाहिनीचा वीजपुरवठा तोडायचा नसतो, केवळ दिव्यांची बटणे बंद करायची असतात. पथदिव्यांचे बटण गावात ज्याच्या हाती असते, त्या कर्मचाऱ्याला आधी सांगावे लागते.

जागा शाळेच्या मैदानासारखी सपाट आणि दिवसा साफ केलेली हवी. लोक उजेड असतानाच येऊन बसले, तर अंधारात चालण्याचा प्रश्न उरत नाही. परतण्यापूर्वी पथदिवे लागलेले हवेत. मेणबत्त्या आणि पणत्यांचा थाट टाळलेला बरा. त्याने धूर होतो, डोळे दिपतात आणि तारे पुन्हा लपतात.

दुसऱ्या दिवसापासून काय?

या उपक्रमाचे यश तेथेच ठरते. वरील उदाहरणातील १०० पथदिवे रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत निम्म्या तेजावर चालवले, तर रोज साडेतेरा युनिट वाचतात. अख्ख्या गावाने दिवे मालवून एका तासात जेवढी वीज वाचवली, तेवढी दोन रात्रींत आणि कोणालाही अंधारात न बसवता वाचते. वर्षाला हा आकडा सुमारे ४,९०० युनिटवर जातो. त्यासाठी तेज कमी करता येणारे दिवे किंवा वेळेनुसार चालणारी यंत्रणा लागते. दिवे बदलायची वेळ येईल तेव्हा ती मागून घेणे, हा सर्वांत स्वस्त मार्ग.

भारतात प्रकाश प्रदूषणासाठी स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे निर्णय बराचसा स्थानिक पातळीवरच होतो. नवे दिवे घेताना तीन अटी लिहून घेता येतात. दिव्याला वरून झाकण असावे, उजेड पांढराशुभ्र न घेता उबदार पिवळा, म्हणजे ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी असावा आणि मध्यरात्रीनंतर तेज कमी करण्याची सोय असावी.

अशा ठरावांना ग्रामसभेत हात वर करायला लोकांनी आधी काही तरी पाहिलेले असावे लागते. ‘प्रकाश प्रदूषण’ या शब्दाने ते होत नाही. मुलांच्या वहीतील ते दोन आकडे तेथे वाचून दाखवता येतात, आणि ते मोजताना मैदानावर बसलेले लोकच समोर ऐकायला असतात. २७ युनिटांच्या बचतीपेक्षा दिवे मालवण्याच्या संध्याकाळचा हा उपयोग मोठा आहे.